श्वासाची शिल्लक

बँकेत असताना मी हजारो फॉर्म तपासले. कुठला रकाना लोक मनापासून भरतात आणि कुठला उरकून टाकतात, हे नुसत्या अक्षरावरून कळू लागले होते. वारसाचे नाव उरकून टाकण्याच्या रकान्यांपैकी. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी एका रात्री इंग्लंडमधल्या लेस्टरहून भाचीचा फोन आला आणि ती म्हणाली, ''मावशी, एका फॉर्मवर तुझं नाव टाकतेय, चालेल ना?'', तेव्हा मी आधी रकाना कोणता ते विचारले.

''आपत्काळी कोणाला कळवावं, हा.''

''मग आईचं का नाही टाकलंस?''

''आईला अजून सांगितलं नाहीये. तू आधी ऐकून घे.''

माझ्या थोरल्या बहिणीची ही एकुलती एक लेक. इंजिनियर आहे. पहिल्यांदा पाण्याखाली गेली ती मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला, कॉलेजच्या सहलीत. वर आली ती हसतच, आणि ताईला वाटले, हौस फिटली. ती फिटली नव्हती. इंग्लंडला गेल्यावर पोरीने तिथल्या एका डायव्हिंग क्लबात नाव घातले आणि सात-आठ वर्षांत दोनशेच्या वर बुड्या मारल्या. त्या थंड, गढूळ पाण्यात काय दिसते, असे मी एकदा विचारले होते. ''जहाजं दिसतात,'' असे एवढेच उत्तर आले होते.

आता तिला रीब्रीदर नावाचे यंत्र घ्यायचे होते. त्याचा अभ्यासक्रम आणि बरोबर लागणारी जादा सिलिंडरे धरून खर्च दहा हजार पौंडांच्या घरात जाणार होता. पैसे तिचे तिने साठवले होते, माझ्याकडून तिला एक पैसाही नको होता. तिला हवे होते ते वेगळेच. ''तू इतकी वर्षं लोकांचे प्रस्ताव तपासलेस. हाही तपास. मला यातलं एक यंत्र निवडायचंय आणि माझं डोकं आता ताळ्यावर नाही, मी प्रेमात पडलेय.''

इतक्या प्रामाणिकपणे कर्ज मागणारा माणूस मला नोकरीत भेटला नव्हता. मी होकार दिला आणि दुसऱ्या दिवसापासून वाचायला बसले.

वाचकांपैकी बहुतेकांनी हे यंत्र पाहिले नसेल. मीही तोवर पाहिले नव्हते. पण त्यामागचा हिशेब बँकेत काम केलेल्या कोणालाही चटकन पटेल. आपण हवेत २१ टक्के ऑक्सिजन घेतो आणि उच्छ्वासात सोळा-सतरा टक्के परत सोडतो. म्हणजे आत घेतलेल्यातला बराचसा ऑक्सिजन न वापरताच बाहेर टाकतो. जमिनीवर या उधळपट्टीचे काही वाटत नाही, हवा फुकट आहे. पाण्याखाली ती पाठीवरच्या सिलिंडरात मोजून नेलेली असते. त्यात दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. तीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो आणि प्रत्येक श्वासाला चौपट हवा लागते. वर मिनिटाला वीस लिटर लागणाऱ्या माणसाला तिथे ऐंशी लागतात. बारा लिटरचे सिलिंडर २३० बार दाबाने भरले तर त्यात २७६० लिटर हवा मावते. भागाकार करून पाहा, पस्तीस मिनिटेही पुरत नाही, आणि परतीसाठी राखून ठेवायची ती वेगळीच. शरीर मात्र खोल गेले म्हणून जास्त ऑक्सिजन खात नाही. सावकाश पोहणाऱ्याला मिनिटाला साधारण एक लिटर पुरतो. बाकीचे सगळे बुडबुडे होऊन वर जाते.

रीब्रीदर ही उधळपट्टी थांबवतो. सोडलेला श्वास बाहेर न जाता नळीतून एका डब्यात जातो. डब्यात सोडालाइमचे, म्हणजे एक प्रकारच्या चुन्याचे, पांढरे दाणे असतात. ते कार्बन डायॉक्साइड शोषून घेतात. ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या यंत्रावर दाण्यांनी भरलेला पारदर्शक डबा असतो, तोच हा प्रकार. तिथून हवा एका पिशवीत येते, शरीराने जेवढा ऑक्सिजन खर्च केला तेवढा एका लहान सिलिंडरातून तिच्यात भरला जातो आणि तीच हवा पुन्हा छातीत जाते. तीन लिटरच्या सिलिंडरात सहाशे लिटर ऑक्सिजन मावतो. कागदावर तो दहा तासांचा साठा झाला. प्रत्यक्षात चुना आधी दमतो, तो साधारण तीन तास चालतो आणि गार पाण्यात त्याहून कमी.

कल्पना जुनी आहे. हेन्री फ्लूस या इंग्रजाने असे यंत्र १८७८ साली बनवले. १८८० मध्ये सेव्हर्न नदीखालच्या रेल्वे बोगद्यात पाणी शिरले असताना अलेक्झांडर लॅम्बर्ट हा पाणबुड्या तेच यंत्र लावून अंधारात हजार फुटांवर चालत गेला आणि पाण्याखालचा लोखंडी दरवाजा लावून आला. लांब रबरी नळी ओढत जाणे त्याला जमले नव्हते, म्हणून हा उपाय. बुडबुडे न निघण्याचा उपयोग पुढे युद्धात झाला. डिसेंबर १९४१ मध्ये सहा इटालियन पाणबुडे अलेक्झांड्रियाच्या बंदरात याच आधारावर शिरले आणि ब्रिटिशांच्या दोन बलाढ्य युद्धनौका त्यांनी निकामी केल्या. सामान्य हौशी माणसाला दुकानात जाऊन विकत घेता येईल असे पूर्ण बंदिस्त यंत्र यायला मात्र १९९७ साल उजाडले. कॉर्नवॉलमध्ये तयार झालेले ते 'इन्स्पिरेशन'. आज अमेरिका, डेन्मार्क, बेल्जियम, स्वीडन अशा अनेक ठिकाणची यंत्रे बाजारात आहेत. निवडीची पंचाईत इथूनच सुरू होते.

या इतिहासात एक ओळखीचे नाव भेटले आणि मी थबकले. जे. बी. एस. हॉल्डेन. जनुकशास्त्रातला हा मोठा माणूस १९५७ मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला, धोतर-कुडत्यात वावरला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. एवढे मला ठाऊक होते. पण १९३९ मध्ये 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडून ९९ माणसे गेली, त्यानंतर दाबाखाली माणसाच्या श्वासाचे काय होते हे हॉल्डेनने स्वतःला पोलादी कोठडीत कोंडून घेऊन तपासले होते, हे माहीत नव्हते. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन हे विष आहे. सहा मीटरच्या खाली तो घेणे आज धोक्याचे मानतात. अशाच एका प्रयोगात त्याला झटका आला आणि पाठीच्या मणक्यांना इजा झाली, ती जन्मभर सोबत राहिली. भाचीच्या यंत्रातल्या पडद्यावर ऑक्सिजनचा जो आकडा सतत लुकलुकत असतो, त्याची वरची मर्यादा अशा लोकांच्या हाडांनी ठरवलेली आहे.

वरची मर्यादा झाली. खालची मर्यादा मला वाचायची गरज नव्हती. ती मी सांगलीत पाहिली होती.

नोकरीतली माझी तिसरी बदली सांगलीला झाली. तिथे हळदीच्या तारणावर कर्जे दिली जात. हळद ठेवायची हरिपूरच्या पेवांत. पेव म्हणजे जमिनीखाली वीस-पंचवीस फूट खोल खणलेली, वरून अरुंद तोंडाची रांजणासारखी खोली. आत माल भरून तोंड मातीने बंद केले की वर्षानुवर्षे कीड लागत नाही, कारण कीड जगेल एवढा प्राणवायूच आत उरत नाही. कीड जगत नाही तिथे माणूसही जगत नाही. म्हणून पेव फोडले की तोंड काही तास उघडे ठेवायचे, मग दोरीला बांधून कंदील आत सोडायचा. ज्योत विझली तर थांबायचे. तेवत राहिली तरच हमाल उतरणार. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी मुकादमाला विचारले होते, ''आत गेल्यावर गुदमरायला लागलं तर ओरडता येणार नाही का?'' तो म्हणाला, ''बाई, गुदमरत न्हाई वो. नुसता बसतो खाली, झोप आल्यागत. मग उठत न्हाई.''

शरीरशास्त्राच्या पुस्तकाने मुकादमाचेच म्हणणे जड भाषेत सांगितले. श्वास कोंडल्यावर होणारी तगमग ही मुख्यतः कार्बन डायॉक्साइड साठल्याची असते. प्राणवायू कमी झाल्याची वेगळी घंटा शरीरात जवळजवळ नाहीच. आणि रीब्रीदरमध्ये कार्बन डायॉक्साइड तर चुना खाऊन टाकतो. ऑक्सिजनचे सिलिंडर उघडायचे राहिले, तर माणूस आरामात श्वास घेत राहतो, काही वाईट वाटत नाही, आणि दिवा जातो. पाण्यात दिवा गेला की तोंडातली नळी सुटते. पुढे सांगायला नको.

म्हणून या यंत्रात कंदील असतो. एक नव्हे, बहुतेकांत तीन. ऑक्सिजन मोजणारे हे लहान सेल. त्यांच्यात रासायनिक क्रिया होऊन वीज निर्माण होते आणि त्या विजेवरून आकडा कळतो. सेल वर्ष-दीड वर्षात म्हातारे होतात. एखादा खोटे बोलू लागला तर उरलेल्या दोघांवर विश्वास ठेवायचा, अशी पंचायत यंत्राच्या मेंदूत बसवलेली असते. बहुमताने ऑक्सिजन ठरतो.

हे वाचून मी पुस्तक मिटले. त्याला कारण आहे, आणि ते इथे सांगितल्याशिवाय पुढचा सल्ला मी कशाच्या जोरावर दिला ते कळणार नाही.

सांगलीतच एका व्यापाऱ्याच्या तारण मालाची तपासणी माझ्याकडे होती. पेवे बंद होती. बंद पेव फोडले की मालाला हवा लागते, म्हणून दर तपासणीला फोडायचे नाही, असा शिरस्ता. मी गोदामाचे रजिस्टर पाहिले, आधीच्या अधिकाऱ्याचा तपासणी अहवाल पाहिला, व्यापाऱ्याने दिलेले मालाचे पत्रक पाहिले. तिन्हींत आकडा एकच. तीन कागद जुळतात म्हटल्यावर मी सही केली. सहा महिन्यांनी पेव फोडले तेव्हा आत निम्मादेखील माल नव्हता. चौकशीत निघाले ते असे, की आधीच्या अधिकाऱ्याने रजिस्टरवरून अहवाल लिहिला होता, आणि रजिस्टर व्यापाऱ्याच्या पत्रकावरून भरले जात होते. मला वाटले होते तीन साक्षीदार आहेत. साक्षीदार एकच होता, तीन आवाजांत बोलणारा. मला एक मेमो मिळाला. गोदामावरचा शिपाईवजा रखवालदार, ज्याने फक्त सांगितले तसे लिहिले होते, तो घरी गेला. त्याला दोन मुली होत्या. माझ्या पहिल्या कादंबरीत तो आहे, पण कादंबरीत घातल्याने त्याची नोकरी परत आली नाही.

असो. भाचीने तीन प्रस्ताव पाठवले होते. पहिले, छातीवर बांधायचे, हलके, प्रवासाला सोपे. दुसरे, पाठीवरचे, ज्यात ऑक्सिजन सोडायचे काम संगणक करतो. आकडा ठरवून द्यायचा, घटला की विजेची झडप आपोआप उघडते. तिसरे यांत्रिक. त्यात ऑक्सिजनची एक बारीक धार सतत सुरू असते आणि कमी पडेल तेवढा माणसाने स्वतः बटण दाबून भरायचा. या दोन पंथांचे भांडण आपल्याकडच्या कुठल्याही साहित्यिक वादाला मागे सारील. यांत्रिकवाले म्हणतात, संगणकावर भिस्त ठेवणारा पडद्याकडे बघायचेच विसरतो. संगणकवाले म्हणतात, बटण दाबायचे विसरणारा माणूसच असतो. मला दोघांचेही पटले, म्हणून मी आकडे शोधले. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर अँड्र्यू फॉक यांनी १९९८ ते २०१० या काळातले रीब्रीदरवरचे १८१ हौशी पाणबुड्यांचे मृत्यू तपासून २०१३ मध्ये लेख लिहिला. साध्या स्कूबापेक्षा धोका सुमारे दहा पट, असा त्यांचा अंदाज. अंदाजच, कारण एकूण किती लोक किती वेळा बुडी मारतात याची खानेसुमारी कोणी केलेली नाही. आणि अमुक एक जात जास्त मारते, यांत्रिक की संगणकाची, असे काही त्यांना आढळले नाही.

दहा पट हा शब्द वाचल्यावर माझ्यातली मावशी म्हणाली, प्रस्ताव नामंजूर कर. माझ्यातल्या अधिकाऱ्याने आधी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला. कर्ज कशासाठी?

भाची म्हणाली, ''स्कापा फ्लो.''

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमधला हा आखातासारखा समुद्र. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीचे ७४ जहाजांचे आरमार तिथे नजरकैदेत होते. २१ जून १९१९ रोजी जर्मन खलाशांनी ते स्वतःच बुडवायला घेतले, ५२ जहाजे तळाला गेली. बहुतेक पुढे भंगारासाठी काढली. सात मोठी अजून तिथे आहेत, त्यांत तीन अजस्र युद्धनौका, उलट्या पडलेल्या, पस्तीस-चाळीस मीटर खाली. ''मी दोनदा गेले, मावशी. खाली पोचायचं, तोफेला हात लावायचा आणि घड्याळ बघून परत. अर्धा तास नाही मिळत. ग्रंथालयात नेऊन दारातून परत पाठवल्यासारखं वाटतं.''

हे कारण खरे होते. हे यंत्र नसले तरी दोन मोठी सिलिंडरे जोडून बराच वेळ काढता येतो, हे मी तिला सुनावले. वाचन वाया का घालवा. तिने मान्य केले आणि म्हणाली, दोन वर्षे ती तेच करते आहे. म्हणजे पायऱ्या चढून आलेली होती. अनेक जण ही पायरी गाळतात.

मग तिने लाजत लाजत चौथा प्रस्ताव काढला. यादीत नसलेला. क्लबाबाहेरच्या एका गृहस्थाने वापरलेले यंत्र निम्म्या किमतीत देऊ केले होते. दुसऱ्या पंथाचे, पाठीवरचे, नावाजलेले. ''फारसं वापरलेलंच नाही. तो आता गोल्फ खेळतो.''

''त्या सेलवर तारीख असते ना?''

''असते.''

''बघून ये आणि फोटो पाठव.''

फोटो आले. तीन सेल, तिन्हींवर एकच महिना, एकच वर्ष, आणि ते वर्ष तीन वर्षांपूर्वीचे. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. एकाच दिवशी एकाच कारखान्यातून निघालेली तीन भावंडे. म्हातारी झाली तर एकदम होणार, चुकली तर एकाच बाजूला चुकणार. आणि एखादा नवा, खरा सेल त्यांच्यात बसवला तर ही दोघे मिळून बहुमताने त्याला खोटा पाडणार. माझे हरिपूरचे पेव लेस्टरमध्ये येऊन बसले होते.

भाची हसली. ''मावशी, सेल बदलतातच. ते काय, देवघरातल्या वातीसारखे. विकत घेतल्यावर पहिलं काम तेच.''

''ते कळलं गं. पण तो गृहस्थ यावर शेवटची बुडी कधी मारून आला?''

ती गप्प झाली. मागल्या उन्हाळ्यात, असे त्याने आपणहून सांगितले होते. म्हणजे मुदत संपलेल्या सेलवर.

''जो माणूस वातीचा खर्च वाचवतो, त्याने झडपा कधी उघडून साफ केल्या असतील? नळीला चीर आहे का ते बघितलं असेल? यंत्राचा इतिहास यंत्र सांगत नाही, त्याच्या मालकाच्या सवयी सांगतात.'' हे वाक्य जरा भाषणासारखे झाले, पण ते मी रखवालदाराला स्मरून बोलले. तिने ते यंत्र घेतले नाही.

पुढचे चार महिने निवड यंत्राची राहिलीच नाही, माणसांची झाली. मी तिला विचारले, तुझ्या क्लबात कोण काय वापरते? दोघी-तिघे दुसऱ्या जातीचे, एकाच बनावटीचे वापरत होते. बिघडले तर दुरुस्ती कोण करते, सुटा भाग किती दिवसांत मिळतो? त्या बनावटीचा तंत्रज्ञ गाडीने दीड तासावर होता. छातीवरच्या देखण्या यंत्राचे भाग समुद्रापलीकडून येत. शिकवणार कोण? इथे एक बाई निघाल्या, वीस वर्षे शिकवणाऱ्या. भाचीने त्यांना विचारले, कुठले यंत्र घेऊ? त्यांनी उलट विचारले, तुला काम सोडून आठवड्याला किती वेळ आहे? मग म्हणाल्या, तुझ्या सोबत्यांकडे आहे ते घे, म्हणजे तुझ्या छातीवर काही चुकीचे लटकत असेल तर त्यांच्या लक्षात येईल. आणि पहिले वर्षभर त्यात एक स्क्रूही स्वतःच्या अकलेने बदलू नकोस. मला त्या बाई न भेटताच आवडल्या.

दोन वस्तूंसाठी मात्र मी हट्ट धरला. एक, डोक्यामागून बांधायचा तोंडातल्या नळीचा पट्टा, म्हणजे शुद्ध गेली तरी नळी सुटून लगेच पाणी आत जाणार नाही. दिसायला घोड्याच्या लगामासारखा, म्हणून पुष्कळ जण टाळतात. दुसरी, तोंडाशीच बसवलेली अशी झडप, की नळी न काढता एका खटक्यात बंदिस्त हवेवरून साध्या सिलिंडरच्या हवेवर जाता येते. चुना दमला किंवा भिजला की कार्बन डायॉक्साइड चढतो, आणि तेव्हा माणसाला इतकी धाप लागते की तोंडातले काढून दुसरे घालण्यापुरता एक श्वासही रोखवत नाही. ८ जानेवारी २००५ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होलमध्ये, २७० मीटर खाली, डेव्ह शॉ हा ऑस्ट्रेलियन वैमानिक असाच गेला. १९९४ मध्ये तिथे बुडालेल्या डिऑन ड्रेयर या तरुणाचा देह आईवडिलांना परत द्यावा, म्हणून तो उतरला होता. त्याच्या शिरस्त्राणावरच्या कॅमेऱ्याने सगळे टिपले. दोरीत अडकून तो झटापट करत गेला, श्वास वाढत गेला, आणि त्या खोलीवर दाट झालेली हवा छातीला धुऊन काढता येईना. यंत्र बंद पडलेले नव्हते.

गेल्या वर्षी सप्टेंबरात मी लेस्टरला गेले. ताईला सांगितले, भाचीला भेटायला चालले. खोटे नव्हते.

एका रविवारी सकाळी ती मला स्टोनी कोव्हला घेऊन गेली. ग्रॅनाइटची ही जुनी खाण झऱ्याच्या पाण्याने भरली आहे, सर्वांत खोल भागात पस्तीस मीटरच्या आसपास. काठाला गाड्या लागतात, लोक रबरी पोशाख चढवत असतात, एकीकडे चहा मिळतो. पाणबुड्यांच्या सरावासाठी म्हणून 'स्टेनगार्थ' नावाची एक जुनी वाफेची बोट तळाशी बुडवून ठेवली आहे. भाचीने गाडीची डिकी उघडली आणि डबा भरायला घेतला. पांढरे दाणे थोडे थोडे ओतायची, डबा बाजूंनी थोपटायची, पुन्हा ओतायची. मधे पोकळी राहिली तर हवा दाण्यांना न शिवता त्या वाटेने निसटते, असे तिने सांगितले. मला आमच्या आईचा सोऱ्या आठवला. पीठ भरताना आत हवा राहिली की चकली तुटते, म्हणून आई असेच अंगठ्याने दाबत दाबत भरायची.

मग तिने माझ्या हातात एक कागद दिला. ''मी म्हणते, तू खूण कर.'' रोजची कॅश बंद करताना आम्ही दोघे जण हेच करायचो, एकाने मोजायचे, एकाने लिहायचे, दोन किल्ल्या दोघांकडे. ऑक्सिजन उघडा, किती बार. दुसरे सिलिंडर उघडे, किती बार. सेल एक, दोन, तीन. मी विचारले नाही, पण तिने स्वतःच दाखवले: तिन्हींवर वेगवेगळे महिने. दर काही महिन्यांनी त्यातला एक बदलते म्हणाली.

शेवटी नाक चिमटीत धरून ती पाच मिनिटे नुसती यंत्रावर श्वास घेत बसली, डोळे पडद्यावर. हा नियमच आहे. चुना काम करत नसेल तर या पाच मिनिटांत धाप लागून कळेल, असा पूर्वी समज होता. २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी तो तपासून पाहिला. चुना अजिबात न भरलेले यंत्र ज्यांना दिले, त्या वीस जणांपैकी पंधरांनी मध्येच थांबवले. चुना अर्धवट निकामी होता त्या वीस जणांत मात्र दोघांनाच कळले. तरी ती पाच मिनिटे बसायचे, कारण ऑक्सिजनचा आकडा स्थिर राहतो का ते या वेळात दिसते. मी घड्याळ लावून बसले. तिच्या कपाळावर पहाटेची झोप अजून होती.

मग ती आणि तिची क्लबातली मैत्रीण पाण्यात उतरल्या.

आजूबाजूला साध्या स्कूबाची माणसे होती. ती गेली तिथे तिथे पाण्यावर बुडबुड्यांची फुले येत होती. काठावरच्या माणसाला त्यावरून कळते, आपले माणूस इथे आहे, श्वास घेते आहे, आता डावीकडे वळले. भाची गेली तिथे पाणी मिटले ते मिटलेच. एकही बुडबुडा नाही. एवढी पुस्तके वाचून मला हे माहीत होते. जहाजांतले मासे घाबरत नाहीत, छायाचित्रे चांगली येतात, युद्धात उपयोग झाला, सगळे माहीत होते. पण सत्तर मिनिटे त्या सपाट पाण्याकडे बघत बसायचे आहे, हे कोणत्याच पुस्तकाने सांगितले नव्हते. पर्समध्ये फोन होता आणि त्या फॉर्मवर त्याचाच नंबर होता. फ्लास्कमधला चहा मी ओतला आणि तो प्यायचा राहून गेला. ताई इथे असती तर तिने जप केला असता. मी सेलचे महिने आठवत बसले.

बहात्तराव्या मिनिटाला काठापासून थोड्या अंतरावर पाणी बारीक उकळल्यासारखे झाले. वर येताना दाब कमी होतो, बंद पिशवीतली हवा फुगते आणि जास्तीची बाहेर सोडावी लागते. बुडबुडे येतात ते परतीच्या वाटेवरच. मग काळे डोके वर आले. तोंडातली झडप बंद केल्याशिवाय तिने नळी काढली नाही, ते मी नीट पाहिले. ''बोटीच्या इंजिनरूमपर्यंत गेलो,'' असे काहीतरी ती ओरडली.

त्या रात्री भारतात पहाट झाल्यावर मी ताईला फोन लावला. सगळे सांगितले. दहा पटही सांगितले, गोल्फ खेळणारा गृहस्थही सांगितला, चुना, कंदील, पट्टा, लपवले काहीच नाही. भाची समोर सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटले, लाइन तुटली.

मग ती म्हणाली, ''त्या फॉर्मवर दुसरं नाव लिहायला जागा असते का गं?''

मी भाचीला विचारले. जागा होती.